महाराज मागे आणि हवा सव्वादोन

गाडीच्या हवेच्या बाबतीत आमच्या सणसरात माझ्याइतका सावध माणूस दुसरा नाही. दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसायचं म्हटलं की मी आधी दोन्ही टायर दाबून बघतो. पण माझ्या गाडीवर कुणीही यावं आणि खुशाल डोळे मिटून बसावं. कारण माझ्या दोन्ही चाकांची नाडी सतत माझ्या डोळ्यांसमोर असते! हँडलवर काडेपेटीएवढा एक पडदा आहे. पुढच्या चाकात हवा किती, मागच्या चाकात किती, ते त्यावर आकड्यात दिसतं.

हे यंत्र मी इंदापूरच्या इरफानभाईंच्या दुकानातून आणलं. त्यांनी दोन तऱ्हा दाखवल्या. एक टायरच्या पोटात बसवायची, दुसरी व्हॉल्वच्या टोपणाच्या जागी फिरवून लावायची. त्यांचं म्हणणं पडलं की पोटातली बरी, चोरीला जात नाही. मी म्हणालो, पोटातलं दुखणं दिसत नाही म्हणून तर माणूस दगावतो. मला आपली टोपणंच द्या. मग त्यांनी समजावलं: पुढं पंचवीस, मागं तेहतीस असं असू द्या, हवा भरताना टोपण काढा, भरून झालं की परत लावा, आकडा फार उतरला तर पडदा आपण होऊन ओरडेल. तेहतीस हा आकडा ऐकून मला भरून आलं. साक्षात देवांचा आकडा माझ्या मागच्या चाकात!

आता झालं असं. गावात दत्तजयंतीचा सप्ताह होता. सातही दिवस मी मंडपात पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेलो. कीर्तन म्हटलं की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. टाळ वाजला की माझी मान आपोआप डोलायला लागते, मग बायको समोरून खुणा करो की शेजारचा चिमटे काढो. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन दादासाहेब महाराजांचं. महाराज सोलापूरकडून एसटीनं इंदापूरला उतरणार, तिथून कमिटीचे अध्यक्ष इंद्रजितआबा त्यांना जीपनं आणणार, असं ठरलेलं. आणि सकाळीच जीपनं मान टाकली.

मंडपात सगळ्यांचे चेहरे उतरले. मी उठलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मी आणतो महाराजांना. माझ्या गाडीला यंत्र हाय."

इंद्रजितआबांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "सावळारामतात्या, एक ध्यानात ठेवा. महाराजांच्या गुडघ्याचं आपरेशन झालंय. डॉक्टरनी नीट बजावलंय, पडले तर पुन्हा उभं राहायचं नाव न्हाय. उभं राहून कीर्तन करणारा माणूस हाय तो. आणि कीर्तन झाल्याबिगर हंडी फुटत न्हाय, हंडी फुटल्याबिगर पारायणाला बसलेल्या बायांचा उपास सुटत न्हाय. दहाच्या आत आणि धडके आणा."

मघाचा माझा सगळा आव त्या 'धडके' शब्दासरशी गळाला.

घरी येऊन पाहतो तर आमच्या सौभाग्यवती जयवंता गाडीची पूजा करून मोकळ्या! ज्या गाडीवर महाराज बसणार ती गाडी म्हणजे रथ, असं तिचं म्हणणं. दिव्यावर जास्वंद, टाकीवर स्वस्तिक, दोन्ही चाकांना हळदकुंकू, आणि हँडलवर झेंडूची घसघशीत माळ. माळेखाली माझा पडदा पार झाकून गेला होता. पण पूजेची माळ काढायची कशी? तसाच निघालो. आकडा दिसत नव्हता म्हणून की काय, इंदापूरपर्यंत गाडी अशी सुंदर पळाली की सांगता सोय नाही.

महाराज स्टँडवर उभेच होते. पांढरा फेटा, खांद्याला टाळांची पिशवी, हातात काठी. मी पाया पडलो. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. जीप का आली नाही ते मी सांगितलं, यंत्राचंही सांगितलं. सगळं समजावून घेऊन महाराज म्हणाले, "चला. आणणारा पांडुरंग हाय." आणि काठी आडवी धरून माझ्या मागे बसले.

निमगाव केतकीच्या पुढं वाऱ्यानं माळ सरकली आणि पडदा दिसला. पुढं एक पॉइंट सात. मागं दोन पॉइंट तीन.

मी पुन्हा पाहिलं. कालपर्यंत जिथं तेहतीस होते तिथं सव्वादोन! मी पडदा उपरण्यानं पुसून पाहिला, तरी तेच. सव्वादोन हवेवर मी महाराजांना इथवर आणलं? पडदा ओरडतही नव्हता. मी म्हटलं, बिचाऱ्याची भीतीनं वाचा बसली असणार.

गाडी बाजूला घेतली आणि महाराजांना हात धरून उतरवलं. महाराजांनी काठीनं मागचा टायर ठोकून पाहिला. "टणक तर वाटतोय की."

मी म्हणालो, "महाराज, वरून टणकच दिसतं. संसाराचं बी तसंच हाय, आत पोकळ."

काल्याच्या कीर्तनाला निघालेल्या महाराजांना मी रस्त्याच्या कडेला निरूपण ऐकवत होतो! महाराजांनी फेटा नीट केला.

नशिबानं पुढंच छबूबाईंचं पंक्चरचं दुकान होतं. महाराजांना बाकड्यावर बसवलं आणि टोपण काढून मी बाईंना म्हणालो, मागच्यात भरा. त्यांनी भरली. टोपण लावलं, पडदा पाहिला: दोन पॉइंट नऊ. फक्त साठ पैशांची वाढ! मी म्हटलं, बाई, हात सोडून भरा, तेहतीस व्हायला पाहिजेत. त्यांनी पुन्हा भरली. तीन पॉइंट चार.

"अजून," मी म्हणालो.

बाईंनी नळी गुंडाळून खुंटीला लावली. "म्या न्हाय भरणार. फुटला तर तुमचं म्हाराज माझ्या पत्र्यावर सापडत्याल."

मी पैसे दिले, पण मनात धाकधूक राहिलीच. टायरला कुठंतरी भोक असणार, भरली तेवढी जात असणार. आता वेगानं जावं तर फुटायची भीती, हळू जावं तर दहा वाजायची भीती.

पुढचा रस्ता मी कधी विसरणार नाही. गाडी अशी उसळायला लागली, जणू पेठेतला बुजरा घोडा! खडा आला की आम्ही दोघं सीटवरून सुटायचो आणि थोड्या वेळानं परत यायचो. महाराजांच्या पिशवीतले टाळ आपोआप वाजत होते. महाराजांनी एका हातानं माझा खांदा धरला, मग दोन्ही हातांनी, आणि मोठ्यानं नामस्मरण सुरू केलं. एरवी मी तल्लीन झालो असतो. पण त्या नामस्मरणात विठ्ठलाच्या जोडीला दत्त, मारुती, खंडोबा, सगळे येऊ लागले, तेव्हा मी रस्त्यावरचा एकेक खडा हुकवायला लागलो.

लासुर्ण्याच्या अलीकडं फोन वाजला. थांबलो. महाराज आपणहून उतरून लांब उभे राहिले. जयवंता विचारत होती, कुठवर आलात. मी रडकुंडीला येऊन सांगितलं, टायरात हवा राहत नाही, काल तेहतीस होती, आज सव्वादोन.

ती म्हणाली, "मी काय केलं न्हाय बरं का. नुसतं कुंकू लावलं."

"कुठं?"

"त्या पडद्याच्या खाली बारकं बटन हाय नव्हं, त्याला. जरा दाबून लावलं, उडून जाऊ नाय म्हणून. टुक्क वाजलं. मला वाटलं, पावलं."

मी पाहिलं. बटणावर ठसठशीत कुंकवाचं बोट! मी ते दाबून धरलं. टुक्क. पडद्यावरचं माप बदललं आणि आकडा आला: एकोणपन्नास.

म्हणजे मुळात हवा बरोबरच होती. सव्वादोन 'बार' आणि तेहतीस 'पीएसआय' ही एकाच हवेची दोन मापं! निमगावापासून ज्या भीतीनं मी अर्धा झालो ती भीती खोटी होती. आणि त्या खोट्या भीतीपायी टायर ठासून भरून मी खरी भीती तयार केली होती. वर ऊन चढत होतं, मागचं चाक बॉम्ब झालं होतं आणि त्या बॉम्बवर मी महाराजांना बसवून आणत होतो.

"काय म्हणतंय यंत्र?" महाराजांनी लांबूनच विचारलं. ते आता गाडीजवळ यायला तयार नव्हते.

मी म्हटलं, जरा जास्त झालीय, थोडी सोडतो. टोपण काढलं, चावीच्या टोकानं व्हॉल्वची पिन दाबली. सूंऽऽ करून हवा निघाली. जिवाला किती बरं वाटलं! तेवढ्यात पुन्हा फोन. इंद्रजितआबा. मंडप भरलाय, बाया हंडीकडं बघत बसल्यात, महाराज कसे आहेत? मी सांगितलं की महाराज मजेत आहेत, काळजीचं कारण नाही, गाडी माझ्या हाताखाली आहे. गुडघ्याचं विचारलं, त्याचं सांगितलं. चहा घेतला का विचारलं, त्याचंही सांगितलं. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुसरा हात अजून पिनेवरच आहे आणि सूं आवाज पार बारीक झालाय.

टोपण लावलं. पडदा त्या दिवशी पहिल्यांदा ओरडला. नऊ!

दोन्ही बाजूंना ऊस. हवेचं दुकान मागं पडलेलं, पुढचं अजून लांब. चपटं चाक बघून मी रस्त्यातच खाली बसलो. महाराजांचा गुडघा शाबूत होता, पण ते चालत सणसरला पोचेपर्यंत बायांचा उपास संध्याकाळपर्यंत लांबला असता. "महाराज," मी म्हणालो, "मला माफी न्हाय."

महाराज रस्त्याकडं बघत होते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येत होता, गाण्याचा आवाज त्याच्या आधी पोचला होता. महाराजांनी काठी वर केली. ट्रॅक्टरवर लासुर्ण्याचा सरदार नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं फेटा पाहिला, गाणं बंद केलं, उतरून महाराजांच्या पाया पडला आणि विचारलं, "महाराज, हितं काय करताय?"

महाराजांनी माझ्याकडं पाहिलं. मी चपट्या चाकापुढं आडवा उभा राहिलो. "उसाची हवा खायला थांबलो हुतो," ते म्हणाले. सरदारनं त्यांना अलगद धरून वर बसवलं आणि ट्रॅक्टर निघाला.

मी गाडी ढकलत लासुर्ण्यात नेली, हवा भरून घेतली आणि सणसरला पोचलो तेव्हा कीर्तन रंगात आलं होतं. कळलं ते असं की महाराज ट्रॅक्टरवरून आलेले बघून गावानं ती कमिटीचीच खास व्यवस्था समजून टाळमृदंगात मिरवणूक काढली, आणि इंद्रजितआबांनी ते नाकारलं नाही.

मी पहिल्या रांगेत गेलो नाही. मागच्या खांबाआड बसलो. आता एकच भीती उरली होती: दृष्टांत! महाराजांची पद्धत अशी की काल-परवा घडलेली गोष्ट घ्यायची आणि कीर्तनात अशी पेरायची की माणसं हसून हसून रडावीत. "एक माणूस हुता," महाराज म्हणाले, आणि मी उपरणं तोंडावर घेतलं. तो माणूस कुणी सावकार निघाला. "एकदा काय झालं, रस्त्यानं दोघं चालले हुते." मी डोळे मिटले. ते दोघं गवळी निघाले. टाळ वाजत होते, मंडप डोलत होता, आणि मी मात्र तेवढाच ताठ बसलेलो. हंडी फुटली, बायांनी लाह्या तोंडात टाकल्या, तेव्हा कुठं मी तोंडावरचं उपरणं काढलं. महाराजांनी माझं नावसुद्धा काढलं नव्हतं.

प्रसादानंतर इंद्रजितआबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की महाराजांना परत सोडायला सावळारामतात्यांची गाडी तयार आहे. मी पुढं झालो. महाराजांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि पाठीवर हात फिरवला. "तुमी निवांत जेवा, सावळारामराव. सरदारच्या ट्रॉल्या रिकाम्या होऊन आल्यात, त्यो सोडतोय मला लासुर्ण्याच्या फाट्यावर. तितनं एसटी मिळंल."

माझा चेहरा पडला. तरी काळजी गप्प बसू देईना. "पण महाराज, त्या ट्रॅक्टरच्या टायरात हवा किती हाय, कुणी बघितलीय का?"

"न्हाय बघितली," महाराज वर चढत म्हणाले, "म्हणून तर येताना मला झोप लागली."

ट्रॅक्टर सुरू झाला, गाणं वाजायला लागलं, सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पण जोडण्याआधी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, मी हळूच वाकून त्या मोठ्या टायरला अंगठा दाबून पाहिला.

टणक होता. उगाच सांगून ठेवतो.