आज कोन गेलं?

गेले तीन महिने रोज संध्याकाळी साडेपाचला आमच्या घरी एक गृहस्थ मयताला यायचे. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, चेहरा पडलेला. ओट्यावर टेकायचे, माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, "आज कोन गेलं?"

घरात सगळे ठणठणीत. मरायचे ते ओवीच्या हातातल्या मोबाइलमधले.

हे आमचे वसंतबापू. निवृत्त ग्रामसेवक, समोरच राहतात, एकटे. आमच्या जानेफळात कोणी गेलं की पहिलं बोलावणं त्यांना. लाकडं किती लागतील, पाहुण्यांना निरोप कोण देईल, मडकं कोण धरेल, सगळं तोंडपाठ. टोपी ते फक्त अशा वेळीच घालतात. नोकरीभर लोकांचे जन्म आणि मृत्यू त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले. एका रजिस्टरात आलेले, दुसऱ्यात गेलेले. "नोंद नाही त माणूस नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझे सासरे पंखा बंद पडल्यावर म्हणाले, मेलो बुवा या उकाड्यानं, तर बापूंनी गंभीरपणे विचारलं, "किती वाजता?"

ओवी ओट्यावर बसून गोळीबाराचा एक खेळ खेळायची. पहिल्या दिवशी बापू सहज डोकावले आणि तिनं नेमका तेव्हाच एकाला उडवला. बापू दचकले. काऊन मारलं वं त्याले, म्हणाले. नाही तर त्यानं मला मारलं असतं, असं ओवीचं उत्तर. ते त्यांना पटलं, पण सवय सुटते का? मयताचं नाव काय, बापाचं नाव काय, वय किती, घरी कळवलं का? ओवी वैतागली. यांना नावंच नसतात, म्हणाली. बिननावाचा माणूस मेला, हे काही बापूंच्या पचनी पडेना. ते रोज येऊ लागले.

शेवटी ओवीच नावं द्यायला लागली. लाल शर्टवाला धामणगाव बढ्याचा सुरेश. भिंतीमागे लपलेला शेगावचा, लॉजवर कामाला, त्याला दोन मुली, धाकटी पहिलीत. बापू प्रत्येकासाठी मान खाली घालून बसायचे. मग एक दिवस ती माझ्याकडे आली. पप्पा, आता मारायला कसंतरी होतं, म्हणाली. मी म्हटलं, तू बापूंकडे लक्ष देऊ नको, खेळ.

हे म्हणणारा मी शिक्षक आहे. बायको मेहकरला बँकेत, सातला घरी येते. तोवर मी आतल्या खोलीत दहावीच्या शिकवण्या घेतो. लोकांची पोरं नीट शिकावीत म्हणून माझ्या पोरीच्या हातात मोबाइल. आणि शाळेच्या पालकसभेत 'मोबाइल आणि आपली मुलं' या विषयावर दरवर्षी भाषण कोणाचं? माझं. यंदा एका आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या रांगेत बसून बापूंनीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी ओवीला म्हणालो, घे, पण आवाज बंद ठेव. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, याची जास्त वाटते.

एका संध्याकाळी खेळ मधेच अडला आणि पडद्यावर जन्मतारीख विचारायला लागला. जन्मतारीख म्हटल्यावर बापू सावरून बसले. हे तर त्यांचंच खातं. ओवीनं झटकन एक जून टाकली, साल टाकलं, खेळ सुरू. बापूंनी बोटांवर वर्षं मोजून पाहिली. मग ते थेट शिकवणीच्या दारात येऊन उभे राहिले. असं ते कधी करत नाहीत.

"मास्तर, जरा भाईर या."

मी बाहेर आलो.

"पोरगी पोळ्याच्या दिवशी झाली. म्या या हातानं लिवलं. तिले एकोणीस वर्साची कोनं केली?"

उत्तर ओवीनंच दिलं. "पप्पांनी. खरं वय टाकलं तर उघडतच नाही ना."

आत पंधरा पोरं कान टवकारून बसलेली. मी हसायचा प्रयत्न केला. अहो बापू, सगळेच टाकतात, म्हणालो. हेच वाक्य पोरं मला ऐकवतात तेव्हा मी त्यांना वर्गाबाहेर उभं करतो.

बापू रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"म्याबी एकदा एकीचं वय वाढोलं होतं," ते म्हणाले. "एका बापानं हात जोडले, म्हनून पोरीले दोन वर्सानं मोठी केली. लगन झालं तिचं. पयल्या बाळंतपनाले माहेरी आली, आन तिचं नाव दुसऱ्या रजिस्टरात मलेच लिवा लागलं. वय काय लिवू, तेच समजेना."

एवढं बोलून ते उठले आणि गेले. टोपी ओट्यावरच राहिली.

मी पोरांना घरी पाठवलं आणि ओवीजवळ बसलो. तिचं खरं वय टाकलं. खेळानं तिला लगेच बाहेर काढलं. मला वाटलं, आता रडारड होणार. ती म्हणाली, "मग आता बापूआजोबा कशाला येतील?" तीन महिने माझ्या मुलीशेजारी बसून ती काय करते हे पाहणारा माणूस एकच होता, आणि तो तिचा बाप नव्हता.

बापू तीन दिवस फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी मी टोपी घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते एकटेच चहा पीत होते. मला बघताच कप खाली ठेवला आणि टोपीसाठी हात पुढे केला.

"कोन गेलं?"

"कोणी नाही, बापू."

"मंग काऊन आले?"

"ओवी वाट बघते तुमची," मी म्हणालो. "या ना, आपण तिघं बसू."

ते कितीतरी वेळ चपला शोधत राहिले. चपला दारातच होत्या.

"मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजवर मले बलवाले जो आला, तो कोनी गेल्याचीच खबर घेऊन आला."

हातातल्या टोपीचं काय करायचं, हे त्यांना सुचेना. शेवटी ती खुंटीला अडकवली आणि बोडक्या डोक्यानंच ते माझ्याबरोबर निघाले.