चौतीस चिठ्ठ्या आणि सातवी ब

इंग्रजी शिकवावं तर मीच! हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. नम्र नसतो, तर शाळेच्या फाटकावर पाटीच लावली असती.

सातवी ब हा माझा वर्ग. मुलं चौतीस, आवाज दीडशे जणांचा. तीन वर्षं हा वर्ग माझ्याकडे आहे आणि खरं सांगतो, माझा या कार्ट्यांवर जीव आहे. म्हणून सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी छाती पुढे काढूनच गेलो.

"सर, सातवी बला इंग्रजी लिहिता-वाचता येतं, की नुसतं पाठ करून म्हणतात?"

"येतं म्हणजे काय, बाई! फाडफाड!"

"छान. मग उद्या तिसऱ्या तासाला मी बघायला येते. फाडफाड दिसलं नाही, तर पुढच्या सत्रापासून तुमचा वर्ग नव्या बाईंकडे."

नव्या बाई सातवी अला शिकवतात. त्यांच्या वर्गात मुलं शिंकायच्या आधी हात वर करतात. माझ्या भोंग्याचं तिथे काय होणार? हा पोरगा साधा 'हजर' म्हणाला तरी खालच्या मजल्यावरची मुलं दचकतात. आणि आमची वकीलबाई? ती मुलगी माझ्या प्रत्येक वाक्यावर "पण सर" म्हणते. तिला नव्या बाई पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर उभं करतील.

पण मी डगमगणारा माणूस नव्हे! रात्रभर झोपलो आणि सकाळी आंघोळ करताना युक्ती सुचली. प्रत्येकाने इंग्रजीत पाच ओळी लिहायच्या. आपल्या वर्गातून निघून शाळेतल्या एका जागी कसं पोचायचं, एवढंच. जागेचं नाव लिहायचं नाही. मग चिठ्ठ्या टोपलीत टाकायच्या, प्रत्येकाने दुसऱ्याची उचलायची, वाचायची आणि निघायचं. लिहिणाराही कळेल, वाचणाराही कळेल. एका तासात दोन्हींची उजळणी!

फक्त एक धोका होता. आमची मुलं चिठ्ठी वाचतील कमी आणि एकमेकांना विचारतील जास्त. म्हणून तिसऱ्या तासाला चिठ्ठ्या लिहून, उचलून झाल्यावर मी टेबलावर हात आपटून बजावलं, "बोलायचं नाही! विचारायचं नाही! कुणी कितीही काहीही सांगितलं, तरी चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच करायचं! आणि पोचलात की तिथेच उभं राहायचं!"

"पण सर..." वकील उठली.

"पण नाही न् बिण नाही! सुटा!"

सुटले! दोन मिनिटांत वर्ग रिकामा. मी समाधानाने खुर्चीत टेकलो आणि तेवढ्यात मोठ्या बाई दारात उभ्या.

"वर्ग कुठे आहे?"

"परीक्षा चालू आहे, बाई."

"कुणाची?"

"मुलांची. आत्ता येतील परत."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. एक पोर परत येईना! आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परत यायचं, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. वकील बहुधा तेच विचारत होती.

एवढ्यात विज्ञानाचे सर धापा टाकत आले. "अहो, तुमची दोन मुलं प्रयोगशाळेत सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. काय पाहिजे विचारलं तर सांगाडा जेवढं बोलतो तेवढंच बोलतात!" त्यांच्या मागून ग्रंथालयाच्या ताई. "सर, तुमचा भोंगा माझ्या कपाटाशेजारी उभा आहे आणि गप्प आहे. त्याला बरं नाहीये का?" शिक्षकांच्या खोलीत तिघं जण उभे होते आणि चित्रकलेच्या सरांना घासागणिक न्याहाळत होते. बिचाऱ्यांनी अर्धा डबा तसाच बंद केला.

शिपाईकाकांनी जिन्यात, व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीपाशी अशी जागोजागी मुकी मुलं पाहिली आणि त्यांना एकच अर्थ लागला. "संप! सातवी बने संप केला!" असं ओरडत त्यांनी सरळ घंटा बडवली. सगळी शाळा धावत मैदानावर! रांगा लागल्या, हजेऱ्या झाल्या. आठशे मुलं हजर आणि फक्त सातवी ब गैरहजर, कारण घंटेबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं.

सगळ्यांना वर्गात परत पाठवून मोठ्या बाई तरातरा आपल्या केबिनकडे निघाल्या. मी मागोमाग. आणि पाहतो तर त्यांच्या खुर्चीत वकीलबाई! पाठ ताठ, हात टेबलावर.

"ऊठ!" मी किंचाळलो.

तिने मान हलवली आणि चिठ्ठी पुढे केली. अक्षर भोंग्याचं होतं, इंग्रजीत, पण अगदी स्वच्छ. 'जिना उतर. डावीकडे वळ. पितळी पाटी असलेलं दार उघड. सर्वांत मोठ्या खुर्चीत बस. घाबरू नकोस, त्या मनाने चांगल्या आहेत.'

मोठ्या बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"चल गं, वर्गात चल," मी अजिजीने म्हणालो. वकीलबाईंनी पेन काढलं आणि चिठ्ठीच्या मागे इंग्रजीतच लिहिलं, 'तुम्ही म्हणालात, लिहिलेलंच ऐकायचं.'

"बरोबर आहे तिचं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तुम्हीच लिहा आता, सर. मुलांसारखंच. वाट लिहा, जागेचं नाव नको. बघू तुम्हाला जमतं का."

मला जमतं का! मी तडक वरच्या मजल्यावर गेलो, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो आणि झोकात लिहिलं, 'मोठ्या जिन्यापाशी जा. वर चढ. डावीकडे वळ. तिसऱ्या दारातून आत जा.' ऑफिसात चौतीस प्रती काढल्या आणि शाळाभर फिरून वाटल्या. मुलांनी वाचल्या आणि मुकाट्याने निघाली. वकीलबाईने मात्र चिठ्ठी वाचून माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं.

आमचा वर्ग जिन्याच्या वर डावीकडेच आहे. म्हणजे माझ्या डावीकडे! मी बसलो होतो खाली तोंड करून. चढून येणाऱ्याच्या तो उजवीकडे येतो.

मोठ्या बाईंना घेऊन मी ऐटीत आमच्या वर्गाशी आलो तर तिथे शुकशुकाट. पलीकडून मात्र नव्या बाईंचा आवाज आला, "हे काय? सगळे माझ्याकडे?" सातवी अच्या भिंतींना टेकून माझी चौतीसच्या चौतीस मुलं उभी होती. ज्या बाईंकडे वर्ग जाऊ नये म्हणून एवढा आटापिटा केला, त्यांच्याच हवाली मी तो स्वतःच्या हस्ताक्षरात केला होता! मला रडूच यायचं बाकी होतं.

मोठ्या बाईंनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "मुलांचं वाचन उत्तम. लेखनही उत्तम. सरांचं लेखन मात्र..." त्या थांबल्या. "आता सातवी बनेच लिहून द्यावं. वर्ग कुणाकडे राहावा?"

चौतीस डोकी एकत्र आली. खूप कुजबूज झाली आणि शेवटी वकीलबाईने एक कागद पुढे केला. मोठ्या बाईंनी तो मोठ्याने वाचला.

"सर चुकतात, पण प्रयत्न करतात. त्यांना आमच्याकडेच राहू द्यावं. आम्ही त्यांच्याकडून करून घेऊ."

खाली मोठ्या बाईंनी लाल शाईने 'मंजूर' लिहिलं. माझा ऊर भरून आला, अगदी खरंच! पण त्याखाली वकीलबाईने पट्टीने एक रेघ आखून ठेवली होती आणि लिहिलं होतं, घरच्यांची सही आणावी.

संध्याकाळी बायकोने कागद दोनदा वाचला आणि निमूटपणे सही केली.

"मुलांना माझ्या शुभेच्छा सांगा," ती म्हणाली, "मी सोळा वर्षं करून घेतेय."