मदतीचं बटण

मोबाइलचं अ‍ॅप स्वतः बनवायला शिकायचं, असं हेमकांत पाटीलने ठरवलं त्या दिवशी त्याला कुणीतरी अडवायला हवं होतं. पण घरात त्याला अडवू शकणारं माणूस एकच, त्याचे वडील अमृतभाऊ. आणि अर्धांगवायूने त्यांची वाचा आणि उजवी बाजू दिवाळीआधीच नेली होती.

हेमकांत शहाद्याच्या एका बियाण्यांच्या गोदामात कारकून. घर लगतच्या लोणखेड्यात. उभं आयुष्य खणखणीत आवाजात बोललेले वडील आता खाटेवरून नुसते बघायचे. पाणी हवंय की पाठ दुखतेय, काही कळायचं नाही. ओळखता ओळखता आई, जमनाबाई, रडकुंडीला यायची आणि भाऊ डोळे मिटून घ्यायचे. "आवाजाची आशा धरू नका," असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून हेमकांतने व्हिडिओ बघून बघून अ‍ॅप करायला घेतलं: बटण दाबलं की फोन बोलेल. हेतू चांगला होता. (त्याच्या बाजूने एवढंच सांगता येतं.)

स्क्रीन मोठी देखणी झाली. फिकट राखाडी पार्श्वभूमी, त्यावर किंचित कमी फिकट राखाडी बटणं, नखाएवढी. अ‍ॅप उघडताना एक निळं चाक गोल फिरायचं; त्या चाकावर त्याने आख्खा आठवडा घालवला होता.

"बटनं बारीक शेतस," त्याची बायको कामिनी म्हणाली. "भाऊनं बोट थरथरस."

"त्याले डिझाइन म्हनतस. मोकळी जागा लागस."

"कोनले लागस? दाबनार भाऊ शेतस ना?"

फोनचा आवाज हेमकांतचाच, शाळेतल्या मराठीत: "कृपया मला पाणी द्यावे." जन्मभर अहिराणीत शिव्या हासडून पाणी मागणारा नवरा 'कृपया' म्हणाला, तेव्हा जमनाबाईने पदर डोळ्याला लावला. तिला वाटलं, आता हे काही जगत नाहीत.

चहाच्या बटणाशेजारी मदतीचं बटण होतं. ते दाबलं की सगळ्या नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप जायचा. अ‍ॅप त्याने सगळ्यांना गळ्यात मारलंच होतं.

माघातल्या एका दुपारी हेमकांत गोदामात पोत्यांवरचे शिक्के तपासत होता. फोन वाजला. पडद्यावर एक ओळ आली:

"अमृत पाटील गेले…"

निरोप स्वतःच्याच अ‍ॅपचा आहे, एवढंसुद्धा त्याला सुचलं नाही. त्याने ओळीवर बोट ठेवलं. निळं चाक फिरू लागलं. फिरतच राहिलं. फोन खिशात कोंबून त्याने मोटारसायकल काढली. लोणखेड्यापर्यंत तो मोठ्याने रडत होता. सकाळी निघताना भाऊंनी डावा हात हलवून काहीतरी सांगायची धडपड केली होती, आणि "अ‍ॅपवर सांगा ना, भाऊ," असं म्हणून तो निघून आला होता. तेच डोक्यात घुमत राहिलं.

शेजारच्या वत्सलाबाई हंबरडा फोडत फाटकातून शिरत होत्या. दोघं एकदमच ओसरीवर पोचले. तिथे कामिनी अमृतभाऊंना बशीतून चहा पाजत होती.

"भाऊ!" हेमकांत किंचाळला. भाऊ दचकले. चहा सांडला.

"कोन गया?" कामिनीने घाबरून विचारलं.

वत्सलाबाईंनी रडू आवरून फोन पुढे केला. "तुम्हनाच अ‍ॅपवर उना ना निरोप!"

भाऊ अ‍ॅप वापरायचे ते कामिनीच्या फोनवर; निरोप तिथूनच गेला होता. तिने तो काढून पुरता वाचला: "अमृत पाटील गेले काही महिने आजारी असून त्यांना आत्ता आपल्या मदतीची गरज आहे." भाऊंना चहा हवा होता, बोट शेजारी पडलं. आणि एका ओळीत 'गेले'पर्यंतच मावलं होतं.

"एवढी जागा मोकळी सोडी," कामिनी त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "अन् आठेच कमी पडनी?"

संध्याकाळपर्यंत माणसं येत राहिली. मयताच्या घरी फोन करून खात्री कोण करतो? मोलगीकडून जीप भरून आली. हार आले. भाऊ त्या हारांकडे टक लावून बघत बसले. कुणी हसलं, कुणी संतापलं. धनुआत्याने तर जिवंत भावासमोर बसून उरलेलं रडणं पुरं केलं, कारण तिला ते थांबवता येईना. भाऊंच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. हेमकांत भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

शेवटी अक्कलकुव्याहून धुडकूकाका आले, भाऊंचे धाकटे भाऊ. हेमकांतच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव मामांच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. त्यांनीही ते अ‍ॅप गुपचूप घेऊन ठेवलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलेले काका दारातच थबकले.

भाऊंनी त्यांना पाहिलं आणि बोट फोनकडे नेलं. हेमकांतने फोन पुढे धरला. त्यात पाणी होतं, चहा होता, पंखा होता, संडास होता. धाकट्या भावाला म्हणावं असं काहीच नव्हतं. बोट बराच वेळ पडद्यावर भिरभिरलं आणि एका जागी पडलं.

"मला दुखत आहे," फोन म्हणाला.

पुन्हा पडलं. "मला दुखत आहे."

"माहीत शे, भाऊ," काका म्हणाले आणि त्यांच्या पायाशी बसले. "माले बी."

तेव्हापासून काका दर बाजाराच्या दिवशी येऊ लागले. भाऊंची तब्येत उतरतच होती. आता डावा हातही जड पडत चालला होता. काका जवळ बसून एकटेच बोलायचे, आणि भाऊ डोळे उघडे ठेवून ऐकायचे.

हेमकांतने बटणं दुप्पट मोठी केली, रंग ठळक केले, चाक काढून टाकलं (जिवावर आलं, पण काढलं) आणि नवं अ‍ॅप घेऊन तो दोघांच्या मधोमध जाऊन बसला. कुठलं बटण कशाचं, ते एकेक करून समजावू लागला. भाऊंनी पुष्कळ वेळ ऐकून घेतलं. मग मोठ्या कष्टाने हात उचलला. बोट नेमकं एका बटणावर टेकलं.

"मला आता विश्रांती हवी आहे," फोन म्हणाला.

"देखा काका!" हेमकांतने फोन त्यांच्यापुढे धरला. "पहिलांदा भाऊनी बराबर बटन दाबं!"

"दाबं ना," काका म्हणाले. "मंग ऊठ आते. भाऊ तुलेच सांगी ऱ्हायना."