नेत्रशिबिराचे निजलेले यंत्र उठविले, त्याची हकीकत

श्रीभवानी जतन करो, ऐकणारांस उदंड आयुष्य देवो. शके १९३४, नंदननाम संवत्सर, पौष वद्यपक्षी एका नगरात नेत्रशिबिराची मोहीम मांडिली, तेथे जे वर्तले ते सांगतो. मोतीबिंदूचे चाळीस असामी, कोणी काठी टेकीत, कोणी सुनेचा खांदा धरोन, दृष्टी येईल या आशेने दाखल जाहाले. कारभार दमयंतीबाई लोणारे, वडील परिचारिका, यांजकडे होता. बाईंनी तीन दिवस खपोन एकेकाचा डोळा मोजिला आणि कोणास कोणते नंबरचे भिंग बसवावे हे सारे जुन्या संगणकात घातले आणि मापाचे उपकरण दुसऱ्या शिबिरास रवाना केले. मग शस्त्रक्रियेचे दिवशी सकाळी डॉक्टर मोडकसाहेब हात धुवोन सज्ज जाहाले आणि बाईंनी कळ दाबिली, तों पडदा काळाठिक्कर! आंत पंखा घुमो लागला आणि पेटीतून लांब शिटी निघे, थांबे, पुन्हा निघे, परंतु अक्षर म्हणोन उमटेना. कागदावर नक्कल करू करू म्हणता राहिली, हा अपराध आपलाच, हे बाई जाणोन होत्या. साहेब बोलिले, "नंबर कळल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. आणि संध्याकाळी मला निघायलाच हवं." दुरुस्तीवाला तो परगावी लग्नास गेलेला. चाळीस माणसे माघारी धाडावी ऐसा कठीण प्रसंग गुदरला.

इतक्यात बाकावरोन आवाज उठला, "बाई, ती शिटी पुन्हा वाजवा बरं!" पाहतात तों उस्मानचाचा तांबोळी. चाचा नगरीचे नामांकित रेडिओ कारागीर, आणि रेडिओ मोडीत निघाले तेव्हां संगणकाची डागडुजी शिकोन दुकान चालविले, परंतु दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकोन दुकानास कुलूप पडिले. बाईंनी कळ दाबिली आणि चाचांनी मान कलती करोन ऐकिले.

"मेलेलं नाही ते. रॅमची, म्हणजे त्याच्या स्मरणाची पट्टी नीट बसलेली नाही, म्हणून ओरडतंय. पेटी उघडा."

"मी? अहो चाचा, मी इंजेक्शन देणारी बाई!"

"हात तुमचे, कान माझे. आधी वायर काढा. उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरू द्या."

मग बाईंनी पदर खोचिला आणि पेटीचे झाकण उतरविले आणि चाचांचे बोलण्याबरहुकूम दोहों टोकांच्या खिट्ट्या दाबोन हिरवी पट्टी वर काढिली आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने घासोन पुन्हा बसविली. वायर जोडोन कळ दाबिली, तों तीच शिटी! बाईंनी घाईने वायर पुन्हा काढिली.

"घाबरू नका. शेजारच्या खाचेत घाला. दोन्हीकडून 'खट्' ऐकू आलं पाहिजे. मला एकच आलं होतं."

बाईंनी दात ओठ खावोन अंगठे रेटिले. खट्! आणि खट्! पुन्हा वायर जोडिली, कळ दाबिली, तों एकच आखूड शिटी जाहाली आणि चाचा उठोन उभे राहिले. "बोललं! आता पडदा बघा!" पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली, परंतु तेथेच अडोन राहिली. बाई ओरडल्या, "घड्याळ चुकलंय म्हणतंय, एफ वन दाबा म्हणतंय!"

"मग दाबा ना! आतली छोटी बॅटरी संपलीय, एवढंच."

दाबिले मात्र, आणि चाळीसही नावे नंबरांसह प्रकट जाहाली! मग एकच कल्लोळ उसळला, म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटिल्या, बाई हसता हसता रडो लागल्या, परंतु आधी कागद घेवोन अवघे नंबर उतरोन काढिले आणि मगच डोळे पुसिले. सांज होण्याआधी चाळीस शस्त्रक्रिया सुखरूप पार पडिल्या.

दुसरे दिवशी चाचांचे डोळ्यावरील पट्टी सोडिली. लोक म्हणती, आता हे आल्लाचे नाव घेतील, बिबीचे मुख पाहतील. चाचा डोळे किलकिले करोन तडक यंत्रापाशी गेले आणि बाईंस बोलिले, "बाई, झाकण लावायचं राहिलं."

सारांश, फौज नाही, तोफखाना नाही, एका बाईंचे दोन हात आणि एका म्हाताऱ्याचे दोन कान, इतक्याच बळावर चाळीस घरी उजेड जाहाला. घडले तैसे लिहिले.