नरसय्याअण्णांच्या चिठ्ठ्या

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. "अण्णांच्या त्या चिठ्ठ्यांचं पुढं काय झालं हो?" असं सोसायटीत कुणी विचारलं, की मी पाण्याच्या टाकीचा विषय काढायचो. आता पंचाहत्तरी उलटली. सांगून टाकतो.

नरसय्याअण्णा आमच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर राहायचे. चादरीच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते एकाएकी लोकांच्या मागं मागं फिरू लागले. कुणी इंग्रजी बोललं की थबकायचे, खिशातून वही काढायची, टिपून घ्यायचं. जोशीबाई भाजीच्या गाड्यापाशी 'एक्स्क्यूज मी' म्हणाल्या, टिपलं. खालचे डॉक्टर लिफ्टपाशी 'आफ्टर यू' म्हणाले, तेही टिपलं.

मी सोसायटीचा अध्यक्ष. मला हे लक्षण बरं वाटेना. एकदा ती वही जिन्यात राहिली, ती मी उघडली. "अध्यक्ष. जिना. सकाळी. 'व्हॉट इज धिस नॉनसेन्स.' रागात." पुढं काहीतरी परकं लिहिलेलं. म्हणजे माणूस माझ्यावरच पाळत ठेवून होता! वही मी परत केली नाही. पुरावा म्हणून कपाटात ठेवली.

मग चिठ्ठ्या लागल्या. चादरींच्या गाठींना बांधतात तसल्या, पुठ्ठ्याच्या, सुतळी ओवलेल्या. लिफ्टला 'दोपो दि लेई'. जिन्याच्या वळणावर 'पेरमेस्सो'. आणि माझ्या दाराच्या कडीला 'मी दिस्पियाचे'.

"अण्णा, हे काय?"

"इटालियन हाय की, अध्यक्षसाहेब. जोशीबाईंचं 'एक्स्क्यूज मी' ते 'पेरमेस्सो', डॉक्टरांचं 'आफ्टर यू' ते 'दोपो दि लेई'. वाक्य जितं लागतंय तितंच टांगायचं. चिठ्ठीशिवाय गाठ हलत न्हाय."

"माझ्या दारावर काय लिहिलंय?"

"आय अ‍ॅम सॉरी. तुमच्या दारात रोज म्हणावंच लागतंय की!"

"आणि इटलीशी तुमचा संबंध काय?"

"कळंल की," म्हणून ते हसले.

त्या 'कळंल'नं माझी झोप उडवली. तीन दिवस मी दाराच्या भिंगाला डोळा लावून बसलो. अण्णा रिकाम्या लिफ्टसमोर वाकायचे, हातानं वाट दाखवायचे, 'दोपो दि लेई' म्हणायचे. लिफ्टमध्ये कुणी नाही! हा नक्कीच कसला तरी इशारा, असं मी ठरवलं. आणि पाळत मात्र ते ठेवत होते म्हणे!

ते बाजारात गेलेले पाहून एका दुपारी मी सगळ्या चिठ्ठ्या तोडल्या. फळ्यावर सूचना लावली: सामाईक जागेत परका मजकूर टांगू नये. अण्णांनी ती वाचली. "असं व्हय," एवढंच म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. तो परदेशात असतो आणि लग्नावरून बापलेकाचं बोलणं तुटलंय, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. लिफ्टमधून सून बाहेर आली. तिचा गोरा परदेशी चेहरा दिसला, आणि बाई इटलीची आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मी भिंगामागं होतो.

अण्णांनी हात जोडले. तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्या कडीकडे गेली. तिथं सुतळीचा तुकडा तेवढा लोंबत होता. ओठ दोनदा हलले. सून थांबली, वाट पाहिली, मग हसून आत गेली.

"अण्णा, काही म्हणायचं होतं का?" मुलानं विचारलं.

"न्हाय रे. चला, आत चला."

परत जाताना मुलगा जिन्यात भेटला. "काका, एवढ्या वर्षांनी अण्णांनी आपणहून फोन केला, तेव्हा म्हणाले होते, लग्नाच्या वेळी सूनबाईला फार बोललो, आता तिच्याच भाषेत एक शब्द बोलायचाय. मग आयत्या वेळी काय झालं, कळलं नाही."

मला कळलं होतं.

माझ्या कडीची ती तोडलेली चिठ्ठी खिशात घालून मी समोरची बेल वाजवली. "या की अध्यक्षसाहेब, च्या टाकतो." मी चहा प्यालो, टाकीचं बोललो आणि उठलो. असा चार वेळा गेलो. चारही वेळा ते खाली फिरायला माझ्यासोबत निघाले आणि त्यांनी मला लिफ्टमध्ये आधी जाऊ दिलं. हातानं वाट दाखवून, काही न बोलता.

अण्णा गेले, त्याला आता वर्ष होईल. समोरच्या दाराला कुलूप आहे. चिठ्ठी काढतो आणि त्या कुलपापाशी उभा राहून म्हणून बघतो. मी दिस्पियाचे. आता अडखळत नाही.