सुटा कागद

"सुटा कागद यांच्या हाती कधी देऊ नकोस," असं सासूबाईंनी सुनेला लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं होतं. सून शिकलेली. तिला वाटलं, असेल काही जुनं प्रकरण, कुठेतरी न वाचता सही करून बसले असतील. तिने हसून मान हलवली आणि विसरून गेली. सहा वर्षांनी ते वाक्य तिला बंदरावरच्या काउंटरशी आठवलं, तेव्हा जहाजाचा दरवाजा बंद व्हायला चाळीस मिनिटं उरली होती.

सासरे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आबा, हे बाइंडर. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण कटिंग मशीन मागच्या खोलीत आलं आणि त्याच्यामागून सवयही आली. विजेची बिलं, लग्नपत्रिका, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नातीची चित्रं, जे सुटं दिसेल ते महिन्याच्या शेवटी पुठ्ठ्यात जायचं. नात चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं, आणि आबांनी तिला अजून कसं बांधलं नाही, असं तिचा बाप म्हणायचा.

कडा सरळ करताना निघालेल्या पट्ट्या मात्र आबा टाकत नसत. त्या सासूबाईंना मिळत, पुस्तकात खूण घालायला. "लोकांचे नवरे बायकांना काय काय आणतात," त्या म्हणत, "आमच्याकडे कात्रणं." आणि पट्टी जपून पुस्तकात ठेवत.

जहाजाची चार दिवसांची सहल ठरली ती सासूबाईंसाठीच. चाळीस वर्षांत दोघं एका दिवसावर कुठे गेले नव्हते. बेत केला, की कुठल्यातरी कचेरीची रजिस्टरं दुकानात येऊन पडायची. तिकिटं आली त्या दुपारी भाजी निवडता निवडता त्या सुनेला म्हणाल्या, "समुद्राचं मला एवढं काही नाही गं. चार दिवस यांच्या हातात कागद नको. बोलायचंय मला यांच्याशी."

"काय बोलायचंय?"

"ते तिथे गेल्यावर ठरवीन."

तेवढ्यासाठी तरी ही सहल नीट पार पडली पाहिजे, असं सुनेने मनाशी घेतलं, आणि तिने एकदा मनाशी घेतलं की घरातल्यांची झोप उडायची. जहाज देशाबाहेर जाणार नव्हतं, त्यामुळे मोठ्यांना फोटो असलेलं कुठलंही एक ओळखपत्र चालणार होतं आणि मुलाचा जन्मदाखला. सगळं मूळ प्रतीत, आणि क्रमांक तिकिटावरच्या क्रमांकाशी जुळणारा. सुनेने वहीत तक्ता आखला. मग जेवणाच्या टेबलावर घरातली झाडून सारी ओळखपत्रं ओतली गेली आणि निवडानिवड सुरू झाली.

सासूबाईंना मतदार ओळखपत्र नको होतं, त्यातल्या फोटोत त्यांना नुकतंच पकडून आणल्यासारखं दिसत होतं. पासपोर्टात त्या बऱ्या दिसत होत्या, पण त्याची मुदत संपली होती. "मुदत संपली म्हणजे चेहरा बदलला का?" असं त्यांनी विचारून पाहिलं. नवऱ्याच्या वाहन परवान्यावर मिशी होती आणि चेहऱ्यावर नव्हती. सुनेने त्याला त्या दिवसापासून दाढी करायला बंदी केली. आबांना त्यांच्या बाइंडर संघटनेचं कार्डच न्यायचं होतं, कारण ते त्यांनी स्वतः बांधलं होतं. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या संध्याकाळी पाच कागद ठरले, तक्त्यात पाच बरोबरच्या खुणा झाल्या, आणि सुनेने ते कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात घातले. तिकिटाशी तीनदा ताडून पाहिले. चौथ्यांदा पाहणार, एवढ्यात भिंगरीने बादली उलटी केल्याचा आवाज आला.

"आबा, जरा याच्यावर लक्ष ठेवा हं," असं म्हणून ती धावली.

आबांनी लक्ष ठेवलं. पाकीट नंतर दिसेना तेव्हा सुनेचा जीव टांगणीला लागला. आबा मागच्या खोलीतून म्हणाले, माझ्याकडे सुरक्षित आहे, तू निवांत झोप. निवांत झोपायची सवय मोडली होती, पण ती दमली होती. एवढं एक काम दुसऱ्याने केलं तर करू द्यावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

निघायच्या सकाळी आबांनी तिच्या हातात एक पुस्तक ठेवलं. गर्द लाल कापडी बांधणी, कोपऱ्यांना चामडं, पाठीवर सोनेरी अक्षरं: कुटुंब, प्रवास, खंड पहिला.

"हे काय?"

"कागदपत्रं. सुटी ठेवलीस तर एखादं तरी पडणारच. आता पडली तर पाचही एकदम पडतील, सापडायला बरी."

ती उघडायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला. "दुपारपर्यंत उघडू नकोस. खळ ओली आहे."

त्यामुळे ज्या बाईने दूधवाल्याचं बिलसुद्धा कधी दोनदा न पाहता फाडलं नव्हतं, ती न उघडलेलं पुस्तक मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. शेजारी सासूबाई आपलं पुस्तक वाचत होत्या. नवरा पुढे ड्रायव्हरशी हवेबद्दल बोलत होता. त्याला हवेबद्दल बोलता येत होतं, याचंच तिला नवल वाटत होतं.

बंदरावर तीन रांगा होत्या: ज्येष्ठांची, लहान मुलं असलेल्यांची आणि उरलेल्यांची. पुस्तक एकच. आधी ते ज्येष्ठांच्या रांगेत गेलं. तिथल्या कारकून बाईंनी कार्ड बाहेर काढायला सांगितलं. कार्डं पारदर्शक कप्प्यांत होती आणि कप्प्यांची तोंडं आबांनी घट्ट शिवून टाकली होती.

"कापा की," कारकून बाई म्हणाल्या.

"शिवण कापायची नसते," आबा म्हणाले.

कापायचं म्हटलं तरी आबांची कात्री तपासणीच्या दारातच जमा झाली होती. शेवटी बाईंनी अख्खा खंड उचलून मशीनवर पालथा घातला. आबा पार झाले, सासूबाई झाल्या. मग नवरा रांगेतून आडवा जाऊन पुस्तक घेऊन आला, स्वतःचं पान दाखवून पार झाला, आणि त्याने पुस्तक मधल्या अडसरावरून परत सुनेकडे दिलं. मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "वाचनालय कुठल्या मजल्यावर आहे हो?" सून हसलीसुद्धा नाही. तिचं स्वतःचं पानही झालं. आता भिंगरीचा जन्मदाखला.

या रांगेतल्या कारकून बाईंनी दाखला पुढून पाहिला, मागून पाहिला. "याचा नंबर कुठाय?"

"खालच्या कडेला असतो," सून म्हणाली, आणि तिने पाहिलं. खालची कडच नव्हती. दाखला इतर पानांच्या बरोब्बर मापाचा होता.

अडसरापलीकडून आबा म्हणाले, "वाकडा होता तो. सरळ केला."

"नंबर नाही तर मुलीला सोडता येणार नाही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याही दमलेल्या दिसत होत्या. "बाकीचे जाऊ शकतात. वीस मिनिटं आहेत."

सुनेने क्षणात हिशेब मांडला. मुलगी आणि ती मागे राहतील, नवरा राहतो म्हणेल, मग सासूबाई म्हणतील आम्ही कशाला जाऊ, आणि संध्याकाळी सगळे घरी, आबा मागच्या खोलीत. "तुम्ही तिघं जा," ती म्हणाली. "आई, तुम्ही तरी जाच."

सासूबाईंनी पिशवीतून आपलं पुस्तक काढलं, वाचून झालेलं पान उघडलं आणि आतली खूण अडसरावरून कारकून बाईंपुढे धरली. बोटभर रुंदीची पट्टी होती. तिच्यावर दाखल्याचा क्रमांक होता, आणि अर्धा शिक्का.

"आज सकाळीच दिली यांनी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, निघायच्या दिवशी आठवणीने काहीतरी दिलं."

साहेबांना बोलावणं गेलं. साहेबांनी पट्टी दाखल्याला लावून पाहिली. शिक्क्याचे दोन अर्धे केसाचाही फरक न ठेवता जुळले. आबांनी कापलेली कड होती ती. साहेब म्हणाले ठीक आहे, पण हे जोडून द्या, आणि चिकटपट्टी मागवली.

"चिकटपट्टी नको, कागद पिवळा पडतो," म्हणत आबांनी खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी काढली. तिच्यात खळ होती. गोळ्या कुठे आहेत, हे विचारायची ताकद सुनेत उरली नव्हती. आबांनी बोटाने खळ लावली, पट्टी बसवली, रुमालाने दाबली. साहेब पाहत राहिले. मग त्यांनी नोंद करायला जहाजाचं जाडजूड रजिस्टर ओढलं. त्याची पाठ सुटली होती आणि पानं दोऱ्यावर लोंबत होती.

आबांची नजर त्या रजिस्टरावर गेली, तेव्हाच सासूबाईंनी डोळे मिटले.

पुढचे चार दिवस भिंगरी जहाजभर फिरली, सून तिच्यामागे फिरली, आणि आबा खाली वाचनालयात बसले. आधी रजिस्टर झालं, मग नकाशे, मग तिथली फाटकी पुस्तकं. सासूबाई वर डेकवर दोन खुर्च्या धरून बसायच्या आणि दुसऱ्या खुर्चीवर पुस्तक ठेवायच्या. सहल संपली तेव्हा कप्तानाने आबांना विचारलं, पुढच्या फेरीला राहता का, काम बरंच आहे. आबांनी प्रथमच बायकोकडे पाहिलं.

"राहू," सासूबाई म्हणाल्या. "पण पाच वाजता खळीच्या डब्याला झाकण. आणि वर यायचं, हात धुऊन."

आबांनी मान हलवली. खंड पहिला त्यांच्याकडेच राहिला, कारण त्यांची दोघांची पानं त्यात होती आणि शिवण कापायची नसते. सून, नवरा आणि भिंगरी जहाजाच्या पासावर उतरून घरी आले. दुसऱ्याच दिवशी शाळेने भिंगरीचा मूळ जन्मदाखला मागितला. तो समुद्रात आहे, असं सुनेने अर्जात लिहिलं आणि डोकं टेबलावर टेकलं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या जहाजावर जाणार असेल, तर सुनेचं एवढं काम करा. दाखल्याचं राहू द्या. संध्याकाळी पाचनंतर वरच्या डेकवर एक चक्कर मारा. कठड्याजवळ दोन खुर्च्या दिसतील. दोन्हींवर माणसं असतील तर काही बोलू नका, तसेच पुढे जा. एका खुर्चीवर पुस्तक असेल, तर दुसरीवरच्या बाईंना जरा विचारा, बऱ्या आहात ना म्हणून. मग खाली वाचनालयात जा, आणि तिथल्या म्हाताऱ्याच्या हातात जो काही कागद असेल, तो काढून घ्या.