हौशाचा कासरा

निमोण्याच्या मारुतरावांनी लेकीशी बोलणं टाकलं होतं. आता बोलणं टाकलेल्या माणसाला घरात जेवढं ऐकू येतं, तेवढं दुसऱ्या कुणालाच येत नाही. तेजश्रीला नोकरी लागली ती थेट कोइमतूरला. रांजणगावच्या एवढ्या कंपन्या सोडून, गेला बाजार पुणंही सोडून. मारुतरावांनी मोबाइलवरच्या नकाशात बघितलं, तर बोट खाली खाली सरकतच गेलं. "जायचं तर जा," ते म्हणाले, "मी शिरूरच्या ष्टँडापतोर सुदिक सोडायला येणार न्हाई." एवढं बोलून त्यांनी तोंड बंद केलं, आणि माणूस असा हट्टी की ते उघडायचं कसं हे त्यांचं त्यांनाच कळेना.

तेजश्रीकडे एक लहानशी गिटार होती, प्रवासात न्यायला सोयीची. एकदा ओट्यावर बसून ती शितलशी फोनवर बोलत होती. शितल दौंडची, तीही त्याच कंपनीत लागली होती आणि दोघी दौंडहून एकाच गाडीने जाणार होत्या. मारुतराव आत पेपर उलटा धरून ऐकत होते. तेजश्री सांगत होती की गिटारीची कड हाताला रुतते, पट्टा खांद्यावरून सारखा घसरतो, दिसायलाही ती अगदीच उघडीबोडकी आहे, आणि गाडीतल्या गर्दीत दबून फुटली तर काय करायचं.

मारुतरावांनी पेपर सुलटा केला. बोलता येत नव्हतं, पण हे करता येण्यासारखं होतं. सजवणं हा त्यांचा प्रांत होता. बेंदराच्या सणाला त्यांच्या हौशा बैलासारखा नटलेला बैल आसपासच्या गावांत नसायचा. हौशा म्हातारा होऊन गेला, दारात ट्रॅक्टर आला, आणि त्याचं सगळं लेणं माळ्यावरच्या पेटीत गेलं. ती पेटी त्यांनी परत उघडली नव्हती.

तेजश्री मावशीचा निरोप घ्यायला मांडवगण फराट्याला गेली. तिची पाठ वळताच मारुतराव गिटार सतरंजीत गुंडाळून मोटरसायकलवरून शिरूरला निघाले. मार्केट यार्डाजवळ पाशाभाईंचं दुकान होतं. ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो यांच्या सीटा ते शिवायचे, आणि मारुतरावांशी त्यांची जुनी दोस्ती होती. पाशाभाईंनी गिटार सगळीकडून दाबून पाहिली आणि विचारलं, हिच्यावर बसायचं कुठं? मारुतरावांनी समजावून सांगितलं. मग पाशाभाईंना हुरूप आला. कडेला चांगला जाड फोम, त्यावर लाल रेक्झीन, काळी किनार, जशी नव्या ट्रॅक्टरच्या सीटला असते तशी. सगळं झाल्यावर त्यांनी गिटारीवर टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा पडला.

"मारुतराव, ही तर आतून सगळी पोकळ हाय. गाडीत कुणी हिच्यावर बॅग टाकली म्हंजी खेळ खलास."

"मग?"

"मग काय, भरून टाकू. आपल्याकडं कापूस हाय की."

मारुतराव जरा घुटमळले. "आवाजाला काय व्हणार न्हाई ना?"

"आवाज तारंतून येतो," पाशाभाई म्हणाले. "तारंला आपण हात तरी लावला का?"

हे मारुतरावांना पटलं. खरं म्हणजे कुणालाही पटलं असतं. पाशाभाईंनी मधल्या भोकातून काठीने कापूस कोंबायला सुरुवात केली. गादीत कुठे खड्डा राहिलेला त्यांना खपत नसे, त्यामुळे कोपरान् कोपरा गच्च झाला.

घरी येऊन मारुतरावांनी पेटी उघडली. बायको अनिता दारात उभी राहून बघत होती. गिटारीच्या माथ्याला शिंगांना लावायचा लाल रंग लागला. माथ्याच्या दोन्ही टोकांना हौशाच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या बसल्या. तारा पिळायच्या प्रत्येक खुंटीला एकेक गोंडा आला आणि खाली घुंगरं आली. राहिला पट्टा. मारुतरावांनी हौशाचा कासरा हातात घेतला. सुती, रंगीत दोर, वर्षानुवर्षं तळहातातून सरकून मऊ झालेला. त्यांनी तो मापाला कापला नाही, तसाच बांधला, त्यामुळे एका बाजूने त्याचं लांब शेपूट लोंबत राहिलं. "ह्यो कवाच घसरला न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले आणि अनिताकडे न बघता गोठ्यात निघून गेले.

तेजश्री आली ती संध्याकाळी. मारुतराव गोठ्यात, पण कान घरात. बराच वेळ काही ऐकू येईना. मग घुंगरं छनकली आणि पाठोपाठ धान्याच्या भरल्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज आला. परत तोच. तार लावावी म्हणून तिने खुंटी पिळली, तर गोंडा तारेत गुरफटला आणि तार जागेवरच अडकून बसली.

मारुतराव दारात येऊन उभे राहिले. आपण काय करून बसलो ते त्यांना एका थापेत कळलं होतं. लेक उद्या जाणार, तिच्या जिवाची एकच वस्तू, आणि आपण त्या गिटारीचा गळाच दाबला. त्यांना फार वाईट वाटलं.

तेजश्रीने भोकात बोट घातलं आणि कापसाचा एक पुंजका बाहेर काढला. "आप्पा, हे काय आहे?"

"पाशाभाईनं भरलं," मारुतराव झटकन म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "म्हंजी, मीच भरू दिलं. गाडीत दबू नये म्हणून."

आठवड्यानंतर बाप पहिल्यांदा बोलला होता, आणि बोलला तो कापसावर. तेजश्रीला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले आणि ते तिने खुशाल भरू दिले. "या इकडं, उजेड धरा," ती म्हणाली.

मग बाप बॅटरी धरून बसला आणि लेक तारा सैल करून कापूस उपसत बसली. पाशाभाईंचं काम पक्कं होतं, कापूस संपता संपेना. नुसतं बसण्यापेक्षा मारुतरावांनी विचारलं की तिकडं थंडी पडती का. मग तिकडं ज्वारी मिळती का. मग शनिवार-रविवारी सुट्टी असती का, आणि असली तर माणूस करतं काय. ती एकेक पुंजका काढत उत्तरं देत गेली. अनिताने बाहेर पडलेला सगळा कापूस गोळा केला आणि हौशाच्या झुलीच्या कापडात भरून प्रवासासाठी उशी शिवली.

शेवटी गिटार वाजली. तेजश्रीने खुंट्यांवरचे गोंडे सोडले, एक तेवढा ठेवला. शेंब्या ठेवल्या. रेक्झीनवर हात टेकून बघितला आणि म्हणाली, "आप्पा, खरंच रुतत नाही आता." कासऱ्याला तिने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शिरूर स्टँडापर्यंतसुद्धा न येणारे मारुतराव सगळ्यांच्या आधी स्टँडावर होते. तेजश्री दौंडच्या एसटीत खिडकीशी बसली, मांडीवर गिटार. कासऱ्याचं शेपूट खिडकीतून बाहेर आलं होतं. मारुतरावांनी ते हातात घेतलं. गाठ ढिली वाटती, म्हणाले. गाठ आवळली. मग पीळ बसला नाही, म्हणाले, आणि पीळ घातला. गाडी सुरू झाली तरी त्यांच्या हातात कासरा होताच.

कंडक्टरने दारातून डोकं काढलं. "मामा, दोरी सोडा. न्हाईतर वर या."

मारुतरावांनी अनिताकडे बघितलं.

"बघताय काय, चढा की," अनिता म्हणाली.

"आन् म्हशींची धार?"

"मला येती म्हटलं धार काढाया."

मारुतराव पायात घरच्या चपला, अंगात गोठ्यातला सदरा अशा थाटात वर चढले. कासरा खिडकीतून सोडून परत आतून धरला आणि लेकीशेजारी बसले.

वाटेतलं न्हावरं गाव मागे पडल्यावर तेजश्रीने आईने दिलेली पिशवी उघडली. वरच्या डब्यात तिच्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्याखाली फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तेजश्रीला तिखट चालत नाही; त्या घरात ठेचा खाणारं माणूस एकच. आणि सगळ्यात तळाशी मारुतरावांचा धुतलेला सदरा आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्या.

मारुतराव त्या गोळ्यांकडे बघतच राहिले. "हे तुझ्या आईला कवा कळलं? मला तर आत्ता कळतंय."

"ठेचा तिनं कालच वाटला होता, आप्पा. तुम्ही उजेड धरून बसला होतात तेव्हा."

मारुतरावांनी मान हलवली. कासरा अजून डाव्या मनगटाला गुंडाळलेला होता. तो सोडायचं दौंडला बघू, असं ठरवून त्यांनी भाकरी मोडली.